झालं, का व्हाचं हाय?

अनुसयेच्या तोंडात तीळ भिजत नाही. हे मी तिच्या माघारी सांगत नाही, तोंडावर सांगते, आणि तीही "हाव वं, नाई भिजत, मंग?" म्हणून मोकळी होते. आम्ही दोघी उमरेडच्या, एकाच आळीतल्या. दोघींच्या घरी हातमाग होते. आमचे बाप मागावर बसून लुगडी विणायचे आणि आम्ही पोरी चरख्यावर कांड्या भरायचो. मी मुकाट भरायचे. ही मात्र कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची सोयरीक मोडली, हे सांगत बसायची आणि तिचा धागा सारखा तुटायचा. पुढे माग बंद पडले, लग्नं होऊन दोघी नागपुरात आलो आणि उतारवयात मनीषनगरात घरंही लागून लागून मिळाली. मी अंगणवाडीतून रिटायर झाले, तिचे यजमान भैयाजी बँकेच्या पहारेकऱ्याच्या नोकरीतून. मधे कमरेएवढी भिंत आहे. मला कधी पेपर लावायची गरज पडली नाही, ती भिंत पुरायची.

अशा बाईच्या घरी सून आली, रुचिका. चंद्रपूरची पोरगी. बोलायला गोड, कामाला चपळ, पण एक सवय विचित्र. पोळ्या लाटता लाटता तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. एक दिवस अनुसया भिंतीशी आली, चेहरा हा एवढासा.

"पार्वती, माही सून मले शिव्या देते वं."

"काय म्हणाली ती?"

"ऐकू येत नाई ना! म्हणूनच तं म्हणतो. चांगलं बोलणारं माणूस मोठ्यानं बोलते."

मी म्हटलं, आधी ऐक तरी, मग रड. दुसऱ्या दिवशी ही स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली आणि परत आली ती पार गोंधळून. सून म्हणत होती, रेपो दर जैसे थे, महागाईचा अंदाज घटवला, पुढची बैठक अमुक महिन्यात.

"रिझर्व्ह बँकेले काहून शिव्या देऊन राहिली असन वं?" अनुसयेचा प्रश्न. डोकं आपटावं की हसावं, मला कळेना.

शेवटी तिनं सुनेलाच विचारलं, तेव्हा उलगडा झाला. रुचिका राज्यसेवेच्या परीक्षेला बसत होती. लग्नाआधी दोनदा बसली, दोन्ही वेळा पहिल्याच पायरीवर, पूर्व परीक्षेत अडली. बाकी विषय पक्के, घात करायच्या त्या चालू घडामोडी. देशात, राज्यात, जगात वर्षभर जे जे झालं ते सगळं डोक्यात ठेवायचं. अभ्यासिकेत जाऊन बसली तर तिथं हूं की चूं करायची बंदी, आणि या पोरीचं असं की तोंडानं कोणाला सांगितल्याशिवाय तिला काही आठवणीतच राहत नाही. माहेरी भावाला धरून सांगायची. इथं कोणाला सांगणार? म्हणून पोळ्यांना सांगत होती.

"पोयीले कायले सांगते?" अनुसया म्हणाली. "मले सांग ना! मी काय मेली का?"

झालं. त्या दिवसापासून त्या घरात परीक्षेचा अभ्यास सासूच्या कानातून सुरू झाला. सकाळी स्वयंपाक करता करता रुचिका पेपरातलं सांगायची. अनुसयेचे तीन प्रश्न ठरलेले होते. पैसे कोण देईन? भेटन कोणाले? अन् आपल्याइथं कवा येईन? पहिल्या पहिल्यांदा रुचिका अडखळायची. मग सांगायच्या आधीच या तिन्हीची उत्तरं शोधून ठेवायला लागली. दुपारी अनुसया भिंतीशी येऊन तेच मला सांगायची, आणि रुचिका आत खिडकीपाशी बसून कान देऊन ऐकायची. सासूनं जिथं गडबड केली तिथं आपलंच सांगणं कच्चं राहिलं, असं ती धरायची आणि ते पुन्हा वाचायची. मला हे पुष्कळ दिवस माहीत नव्हतं. मी आपली समजत होते की मैत्रीण गप्पा मारायला येते!

आणि सांगायची कशी! रिझर्व्ह बँक म्हणजे मोठी जाऊ, तिनं हात आखडला की धाकट्या जावाही आखडतात. कुठं हवामानाची परिषद झाली, तर म्हणे, "सगळे देश जमले, जेवले, फोटो काढले, अन् धूर कोणं कमी कराचा हे पुढच्या बैठकीवर टाकलं. आपल्या भाऊबंदकीतल्या वाटणीसारखंच वं." मी म्हटलं, असं उत्तर लिहिलं तर पोरीला शून्य मिळेल. तर खिडकीतून रुचिका खो खो हसली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती ऐकतेय.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र ते नव्हतं. अनुसयेचा मुलगा पंकज कंपनीच्या कामानं पुण्याला गेला होता. नवराबायकोत ठरलं होतं की हे एवढं वर्ष रुचिकानं इथं सासरी राहून अभ्यास करायचा. झालं तर झालं, नाही तर पुस्तकं बांधून ठेवायची आणि पुण्याला जाऊन मिळेल ती नोकरी धरायची. हे शेवटचं. अनुसया एकदा मला म्हणाली होती, "पार्वती, मले पोरगी नाई. हे पोट्टी घरात बोलते तं घर भरल्यासारखं वाटते. तिचं व्हाले पायजे वं." आणि पदरानं डोळे पुसले. एरवी ती रडली की मी चिडवते. तेव्हा नाही चिडवलं.

मग हिवाळ्यात ते घडलं.

आम्ही तिघी अंगणात उन्हात तुरीच्या शेंगा सोलत होतो. रुचिका सांगत होती की सरकारनं नेमलेल्या कुठल्याशा समितीनं अहवाल दिलाय, त्यात म्हातारे हातमाग विणकर, ज्यांचे माग बंद पडले, त्यांना दरमहा मानधन द्यावं अशी शिफारस केली आहे. माझे हात थांबले. अनुसयेच्या हातातली शेंग तशीच राहिली. आम्हा दोघींच्या बापांची आयुष्यं त्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून गेली. बाप तर गेले, पण उमरेडला माझा मोठा भाऊ मनोहरदादा आहे, आळीतले अजून काही म्हातारे आहेत.

अनुसयेनं तिचे तीन प्रश्न विचारले. पैसे कोण देईल? सरकार. कोणाला? म्हाताऱ्या विणकरांना. आपल्याकडे कधी? रुचिका म्हणाली, "ते अजून ठरायचं आहे, आई." तेवढ्यात तिचा फोन वाजला, पंकजचा. ती उठून आत गेली.

आणि अनुसया उठून फोनकडे गेली. तिनं उमरेडला फोन लावला, आणि तिकडं सांगताना "द्यावं" चं "देऊन राहिले" कसं झालं, देव जाणे. माझ्यासमोर बोलली, मीही आनंदात होते, मलाही खटकलं नाही. म्हणाली, "दादा, आधार कार्ड घेऊन नागपूरले या. विणकराचे पैसे सुरू झाले!"

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं आळीतले म्हातारे उतरले. मनोहरदादा सगळ्यांत पुढे. धुवट धोतर, पांढरी टोपी, लग्नाला निघाल्यासारखा. हातात कापडी पिशवी. मी विचारलं, यात काय? तर म्हणाला, "विणकर हाय म्हणून कागद कोणापाशी हाय वं? मी धोटा आणला." मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा. हाताच्या घामानं गुळगुळीत काळा झालेला. माग विकला तेव्हा त्यानं एवढा एकच ठेवून घेतला होता.

सिव्हिल लाइन्सला एका कचेरीत मीच त्यांना घेऊन गेले. तिथला बाबू भला माणूस होता, त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मग म्हणाला, "आजोबा, अशी योजना नाही. समितीनं नुसतं सुचवलंय. सरकार मान्य करेल, पैसा मंजूर होईल, आदेश निघेल, मग." मनोहरदादाचा हात पिशवीत गेला होता, तो त्यानं तसाच बाहेर काढला. रिकामा. धोटा दाखवायची वेळच आली नाही.

बाई, मला असा संताप आला! मनीषनगरला आल्याबरोबर मी अनुसयेला सगळ्यांसमोर झाडली. "तुझी जीभ काही जाग्यावर राहत नाही! या वयात म्हाताऱ्यांना एसटीत घालून आणलंस. काय तोंड दाखवशील?" म्हातारे खाली मान घालून बसले होते. अनुसयेनं पदर खोचला. आत गेली, सगळ्यांसाठी पाटोडीचा रस्सा केला, वाढला, हात जोडले. संध्याकाळच्या गाडीनं ते गेले.

दुसऱ्या दिवसापासून भिंतीशी कोणी आलं नाही. रुचिका सकाळी सांगायला लागली तर अनुसया म्हणाली, "मले नको सांगू. माह्या कानात गेलं का वाया जाते." पोरीनं समजूत घातली, पाया पडली. अनुसया ढिम्म हलली नाही. रुचिकानं मग स्वतःशी वाचून पाहिलं, पुन्हा पोळ्यांना सांगून पाहिलं. एक दिवस भिंतीशी येऊन मलाच म्हणाली, "काकू, काल वाचलेलं आज आठवत नाही हो." परीक्षा तोंडावर आलेली. मी म्हटलं, मला सांग. तिनं सांगितलंही. पण मी अंगणवाडीची बाई, मला वाटलं आपल्याला सगळं कळलं, मी मान डोलवत राहिले. प्रश्न एक विचारला नाही. तिला काय उपयोग त्याचा!

हा गुंता सोडवला तो मनोहरदादानं. एका रविवारी न सांगता पुन्हा आला. मला वाटलं, आता हा अनुसयेला काय काय सुनावतो. तर ओसरीत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "अनुसये, तुह्या सुनेले बोलाव. थे समितीचं पेपरात आलं होतं, थे मले वाचून दाखव म्हणा."

"दादा, कायले आता?" अनुसया म्हणाली.

"अवं, पैसे नाई भेटले तं नाई भेटले. पण मुंबईत बसून कोणं आमच्याबद्दल लिवलं तं! काय लिवलं थे तं ऐकू दे."

रुचिकानं शोधून काढलं आणि वाचलं. मोठी बातमी नव्हती. मागाच्या खड्ड्यात बसून गुडघे जातात, बारीक सुतानं नजर जाते, हेही त्यात होतं. दादा स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. म्हणाला, "बरोबर लिवलं. कोणी येऊन पाहून गेला असन." मग अनुसयेकडे वळला. "तू चुकली कुठं? पूर्ण विचारलं नाई, इतकंच. झालं, का व्हाचं हाय, हे विचाराचं. आता रोज विचारत जाय. आमचं कुठवर आलं, थे मले फोनवर सांगत जाय. ऐकणंच बंद केलं तं मले कोण सांगन?"

आणि तेव्हा रुचिका रडायलाच लागली. म्हणाली, "आई, मागच्या परीक्षेत मी हेच केलं होतं. एक विधेयक नुसतं मांडलं होतं, मी मंजूर झालं म्हणून खूण केली. असल्या चुकांनीच थोडक्यात राहिले. तुमची चूक अन् माझी चूक एकच आहे."

अनुसयेनं नाक पुसलं. म्हणाली, "मंग सासू-सून शोभतो तं." आणि मला म्हणाली, "पाहून काय राहिली वं, चहा ठेव!" तिच्या घरात, मी चहा ठेवू! पण ठेवला. फार बरं वाटलं मला.

त्या दिवसापासून तिनाचे चार प्रश्न झाले आणि चौथ्यानं घर दणाणून सोडलं. करार झाला म्हटलं की, "सह्या झाल्या, का व्हाच्या हाय?" रस्ता मंजूर म्हटलं की, "बांधला, का व्हाचा हाय?" भैयाजी बिचारे दळण आणलं म्हणाले तरी, "दळलं, का व्हाचं हाय?" रुचिकाला त्या प्रश्नानं पुष्कळदा पुस्तकाकडे परत पाठवलं. कुरकुरायची, पण जायची.

पूर्व परीक्षा निघाली, पोरगी पास झाली. आम्ही देवासमोर साखर ठेवली. मुख्य परीक्षा निघाली. मुलाखतीला जाताना अनुसयेनं तिच्या हातावर दही घातलं आणि म्हणाली, "साहेबानं काही विचारलं अन् नाई आलं, तं नाई येत म्हणजो. माह्यासारखं ठोकून नको देजो."

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर शेवटचा निकाल लागला तेव्हा मी त्यांच्याकडेच बसले होते. रुचिका मोबाइल घेऊन ओरडतच बाहेर आली, "आई! नाव आलं! नायब तहसीलदार!" भैयाजी उठून उभे राहिले, मी तिला कवटाळलं. अनुसया तेवढी जागची हलली नाही. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, "थांब. झालं, का व्हाचं हाय?"

रुचिका हसता हसता थांबली. खोटं कसं बोलणार? तिनंच शिकवलेली सासू. म्हणाली, "आई, आयोगानं सरकारकडे शिफारस केली. कागद तपासतील, मेडिकल होईल. मग नेमणुकीचा आदेश."

"शिफारस," अनुसया म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "पार्वती, बाहेर चकार शब्द काढशीन तं पाय."

मला म्हणाली! तिनं! मला!

आणि काय सांगू बाप्पा, त्या बाईनं खरंच पाळलं. पंकजला तेवढं कळवलं, त्यालाही शपथ घातली. भाजीवालीनं विचारलं, सुनेचं काय झालं? "पाहू." भजनी मंडळात विचारलं. "पाहू." उन्हाळा गेला, पाऊस आला, गणपती बसले, आदेशाचा पत्ता नाही. लोक समजले की पोरीचं याही वेळी गेलं. एका बाईनं तर माझ्यासमोर अनुसयेचं सांत्वन केलं, "जाऊ द्या, संसारात लक्ष घालील आता." अनुसयेनं मान हलवली आणि ओठ आवळून घेतले. मी फुटायच्या बेतात आले होते. घरी येऊन म्हटलं, "अगं, सांगून टाक! पेढे वाट! यादीत नाव आहे पोरीचं!"

ती म्हणाली, "मनोहरदादानं पिशवीतून रिकामा हात काढला ना, तू पाहिला. तू सांगतलं तवापासून मलेही रोज दिसते. आता लागू झाल्याबिगर मी कोणाले सांगणार नाई."

मग मीही विचारणाऱ्यांना "पाहू" म्हणायला लागले.

दिवाळीच्या फराळाची भाजणी चालली होती तेव्हा आदेश आला. अनुसयेनं कागद हातात घेतला, सही पाहिली, शिक्का पाहिला, रुजू व्हायचं ठिकाण दोनदा वाचून घेतलं. पारशिवनी. मग फोन उचलला. मला वाटलं, आता आधी भाजीवाली, मग मंडळ. तिनं उमरेडला लावला.

"दादा, रुचिकाचं झालं."

तिकडून दादाचा आवाज, "शिफारस का वं?"

"नाई दादा. लागू झालं." आणि हुंदका आला तिला, इतक्या महिन्यांचा कोंडलेला. मग डोळे पुसून तिनं जी सुरुवात केली, ती रात्रीपर्यंत मनीषनगरात एक घर सोडलं नाही.

रुजू व्हायच्या दिवशी आम्ही सगळे पारशिवनीला गेलो. पंकज सुट्टी घेऊन आला होता, त्यानं नागपूरला बदली मागितली आहे. (झाली नाही, व्हायची आहे. विचारायच्या आधीच सांगते.) मनोहरदादाही आला. तेच धुवट धोतर, तीच टोपी, तीच पिशवी. तहसीलच्या दारात शिपायानं त्याला अडवलं, "बाबा, काय काम हाय?"

"काम काही नाई," दादा म्हणाला. "पाहाले आलो."

रुचिका सह्या करून व्हरांड्यात आली आणि त्याच्या पाया पडली. तेव्हा दादानं पिशवीत हात घातला, धोटा काढला आणि तिच्या हातात दिला. "तवा दाखवाचा राहून गेला होता," म्हणाला. "आमचं व्हाचंच हाय अजून. तू आताच आली, तुले काही म्हणत नाई. तुह्या हातातलं नाई थे, मले समजते. पण तुह्या टेबलाच्या त्या बाजूले कोणी म्हातारं आलं, तं त्याच्या पिशवीत काय हाय थे पाहून घेत जाय."

रुचिकानं धोटा दोन्ही हातांत धरला होता. "हो मामा," एवढंच म्हणाली.

मी अनुसयेला शोधायला वळले, तर बया कुठं? व्हरांड्यातल्या रांगेत. कागदांची पिशवी छातीशी धरून उभ्या असलेल्या एका अनोळखी म्हातारीजवळ जाऊन बसली होती, आणि विचारत होती, "तुमचं काय काम हाय वं बाई? झालं, का व्हाचं हाय?"

"व्हाचं हाय वं माय," ती म्हातारी म्हणाली. "कवापासून व्हाचंच हाय."

"मंग बसा इथंच," अनुसया म्हणाली. "सांगा मले सगळं. माही सून येऊनच राहिली."